डावीकडचा ठोका

तांडापेठ, नागपूर
१२ नोव्हेंबर २०२५

ऋषी,

वर काय लिहावं यात अर्धा तास गेला. आशीर्वाद लिहिले तर तुला राग येईल, नाही लिहिले तर मला. तेव्हा जागा कोरी सोडली आहे, तुला सोसेल ते भरून घे. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. पावणेसात वर्षं झाली. आता वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी सख्ख्या भावाला पत्र लिहायची पाळी आली आहे. तुझा बंगलोरचा पत्ता तुझ्या सासूबाईंकडून, मायाच्या आईकडून, मागून आणला, इंदोऱ्याला जाऊन. त्यांनी चहा केला, चांगलं बोलल्या. आपल्या दारात त्यांना कुणी पाणीही विचारलं नव्हतं, ते मला तिथे बसल्यावर आठवलं.

काम तांत्रिक आहे, घाबरू नकोस.

बाबांनी दिवाळीनंतर मागावरची चादर काढली. तू गेलास त्या दिवसापासून ती तिथे पडून होती आणि तिच्याखाली तुम्ही दोघांनी लावलेलं करवतकाठी लुगडं, अर्धं विणलेलं. झाडतानासुद्धा चादरीला हात लावायचा नाही असा मला हुकूम होता. भाऊबीज झाली, सुट्टी संपली, पहिल्याच दिवशी शाळेतून येते तर बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले. मला म्हणाले, "भारती, कांड्या भरून ठेव वं." काहून, कसं, काही नाही. मी दोरा गुंडाळून भरून ठेवल्या. आई गेल्यापासून या घरात माझं तेच काम आहे.

मी साडेदहा ते पाच शाळेच्या प्रयोगशाळेत असते. शेजारच्या शोभाताई उमरेडला मुलीकडे गेल्यात. म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांचा, डावा खांदा न उचलणारा माणूस दिवसभर खड्ड्यात एकटा. पडला तर कळणार कुणाला? म्हणून तुझ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या खोक्यातला निळा बोर्ड काढला, त्याला बझरमधली पितळी चकती जोडली आणि चकती मागाच्या पुढच्या दांड्याला चिकटवली. माग हलला की बोर्ड आकडा पाठवतो, तुझा जुना लॅपटॉप रेघ काढतो आणि मधल्या सुट्टीत मी ती रेघ मोबाइलवर बघते. रेघ उड्या मारतेय म्हणजे बाबा ठीक. विणायच्या वेळेत बराच वेळ सपाट राहिली की मी घरी पळायचं. शाळेतल्या लोकांना सांगितलं तर म्हणतात, मॅडम, कॅमेराच लावा ना. बाबांसमोर कॅमेरा लावायची हिंमत त्यांनीच करावी.

अडचण एवढीच की सेकंदाला एकशे साठच आकडे येतात. फणी ठोकून दोरा बसवल्याची मोठी उडी दिसते, पण दर उडीच्या आधी तिला काहीतरी लहानसं चिकटलेलं असतं. वेग वाढल्याशिवाय ते सुटं दिसणार नाही. कसा वाढवायचा तेवढं कळव. बाकी काही लिहू नकोस, तसाही तू लिहिणार नाहीस.

भारती


२० नोव्हेंबर

ऋषी,

तुझा मेसेज मिळाला. पावणेसात वर्षांनी भावानं बहिणीला लिहिलेलं पहिलं वाक्य: "९६०० काढ." मी ते तीनदा वाचलं. नंतर चक्क रडले, हसशील तर हस.

बोर्डाचा पाठवण्याचा वेग ९६०० होता, तो ११५२०० केला. आकडे मजकूर म्हणून पाठवू नको, सरळ दोन बाइट पाठव, आणि एकेक नको, गठ्ठ्यानं, हेही केलं. आधी माझं काय चालू होतं ते आता कळलं. जे दोन बाइटांत मावतं त्यासाठी मी चार अंक आणि ओळ संपल्याच्या दोन खुणा पाठवत होते. इतवारीत एखाद्या हमालानं हातगाडीवर एकच पोतं टाकून गोदामापर्यंत फेऱ्या माराव्यात, तसला कारभार. आता सेकंदाला पाच हजार सातशे येतात. बसल्या जागी पस्तीसपट.

आता काय दिसतं ते सांगते.

तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी लिहिते. मधला धोटा, आडवा दोरा नेणारा, बाबा टाकतात, उजव्या काठाचा लहान धोटा बाबाच टाकतात, मग थांबतात. डाव्या काठाचा धोटा टाकून तू तो दांड्यावर ठेवलास की ते फणी ठोकायचे. ते थांबणं अजून तसंच आहे. त्या थांबण्यात एक बारीक टक येतो, धोटा लाकडावर ठेवल्याचा. त्यानंतरच फणी.

मी आधी सरळ विचार केला की बाबाच कसेबसे डावीकडे पोचत असतील. पण खांदा पडल्यापासून त्यांना स्वतःचा सदरा घालता येत नाही, मी घालून देते. माणूस पाच फुटी माग ओलांडून दिवसातून चारशे वेळा कसा पोचेल?

म्हणून दुसरी चकती आणली आहे. एक उजव्या टोकाला, एक डाव्या. टक डावीकडे झाला असेल तर डावी चकती आधी ऐकेल. पण लाकडातून आवाज या टोकापासून त्या टोकाला जायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. त्यात आता दोन चकत्या, म्हणजे एकेकीच्या वाट्याला निम्मेच आकडे. पाच हजार सातशे पुरत नाहीत, ऋषी. अजून वेग हवा.

बाबा बरे आहेत. जेवतात. तुझं नाव काढत नाहीत असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

भारती


३० नोव्हेंबर, रविवार

ऋषी,

तू सांगितलंस तसं दहा लाखावर नेलं. नंतर मोजणीच्या घड्याळाचा भाजक बदलला. अचूकता जराशी गेली, पण तू म्हणालास चालेल, म्हणून चालवलं. तर आकडे गळायला लागले. मला वाटलं बोर्ड गेला. शेवटी चूक माझी निघाली, लॅपटॉप एकेक बाइट उचलत बसला होता. मोठा घास घ्यायला शिकवलं. दर गठ्ठ्याला क्रमांकही घातला. "हरवलं तर हरवलंय हे कळलं पाहिजे," असं तू लिहिलंस. ते फक्त बाइटांबद्दल लिहिलंस ना?

दोन दिवसांत बसेल सगळं. हे पत्र त्याबद्दल नाही.

आज सकाळी बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी लुगड्याचा डावा काठ पाहिला. तुझ्या करवतीचे दात मी कुठेही ओळखीन. तू डावरा, दोरा जरा जास्तच ओढायचास, म्हणून तुझा प्रत्येक दात टोकाशी आत वळलेला असायचा आणि बाबा त्यावरून तुला बोलायचे. जुनं विणकाम जिथे थांबलं होतं तिथे धूळ बसून एक पिवळी रेघ पडली आहे. रेघेच्या अलीकडे तुझे दात. रेघेच्या पलीकडे, या महिन्यातले, तेही तुझेच. आत वळलेले. मी भिंग आणून पाहिले.

मग ठरवलं, आज सुट्टी आहे, समोर बसून बघायचंच. बाबा खड्ड्यात उतरले, फणीवर हात ठेवला आणि बसून राहिले. अकरा वाजले, बारा वाजले. मी भाजी निवडत उंबऱ्यात बसलेली.

"काहून पाहून राह्यली?" बाबा म्हणाले.

"तुम्ही विणा ना."

"तू घरी असली का हात नाही येत." असं म्हणाले, अगदी साधेपणानं. नंतर म्हणाले, "जाय वं, बाजारात जाय."

मी त्यांच्याच हाताबद्दल समजले. तीन वाजता पिशवी घेऊन निघाले आणि बाजारात न जाता गल्लीत, मागाच्या खिडकीखाली उभी राहिले. थोड्या वेळानं आतून हाक आली. आपल्या घरची ती हाक, पहिला धोटा टाकायच्या आधी जोडीदाराला नावानं द्यायची, तो शेजारी बसलेला असला तरी. "ऋषी, हात दे गा."

लगेच फणी ठोकल्याचा आवाज आला. मधला टकही आला, कानानं ऐकला मी. खिडकीतून डोकावले तर बाबांची पाठ दिसली आणि डावीकडची रिकामी जागा. धोटा कुठे होता ते दिसलं नाही. मी जास्त वेळ पाहिलंही नाही, खरं सांगते, बाजारात निघून गेले.

भारती


५ डिसेंबर

ऋषी,

बसलं. सेकंदाला अडतीस हजार. दोन चकत्यांना मिळून. काल सकाळपासून एकही गठ्ठा हरवलेला नाही, सगळे क्रमांक ओळीनं आहेत.

एकशे साठवर मला वाटत होतं की बाबांचा हात थरथरतो, म्हणून ठोक्याला शेपूट दिसतं. किती बरं होतं ते.

उजव्या काठाचा टक उजव्या चकतीला आधी लागतो. ते बाबा. थांबण्यातला टक डाव्या चकतीला आधी लागतो आणि सात आकड्यांनंतर उजवीला. काल तो चारशे बारा वेळा आला. चारशे बाराही वेळा डावीकडून, दर वेळी सातच आकड्यांच्या फरकानं. बाबा उजवीकडे बसतात. घरात दुसरं कुणी नव्हतं. बाहेरून मी कुलूप लावून जाते हे तुला कुणी सांगितलं नसेल.

मला वाटलं होतं आई असेल. हे मी कुणाजवळ बोलले नाही. आईला त्या जागेची हौस होती आणि मेल्यावर तरी कुणी अडवणार नाही, असं काहीतरी मनात आलं. पण तुझ्या लॅपटॉपमध्ये २०१८ च्या डिसेंबरची एक फाइल सापडली, तू प्रोजेक्टसाठी याच मागाची नोंद केली होतीस. हळू आहे ती, बाजू कळत नाही, पण ताल कळतो. दर पाचव्या खेपेला तू उशीर करायचास, अंगठ्यानं दोरा सारखा करायला. आजच्या नोंदीतही दर पाचवा टक उशिरा आहे. दोन्ही रेघा एकाखाली एक ठेवल्या आणि मी लॅपटॉप मिटून टाकला.

तू जिवंत आहेस, बंगलोरला आहेस, माझ्या मेसेजला उत्तर देतोस. मग इथे कोण बसतंय?

तुझा कालचा मेसेज: "वेळा पाठव. रोजच्या. सेकंदासकट." पाठवते. कागद सोबत आहे. साधारण अकरा वाजून चार-पाच मिनिटांनी सुरू, एकच्या सुमारास बंद. फक्त तीस तारखेला, मी घरीच होते म्हणून, दुपारी तीन वीस ते पाच; एरवी रविवारीही अकराला मी बाजारात असते.

तुला वेळा कशाला हव्यात?

भारती


१२ डिसेंबर

ऋषी,

मायानं फोन केला होता. तुला सांगू नका म्हणाली, पण मी आता काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे. का, ते खाली येईलच.

पहिल्यांदाच बोललो आम्ही दोघी. "ताई, ऋषीचा हात सकाळी अकरा वाजले का थंडा पडते," ती म्हणाली. "डावा. दोन तास. मंग येते परत, पण रोज जरासा कमी येते. पहिले फक्त मुंग्या होत्या. आता चमचा नाही धरता येत त्याले. डॉक्टर म्हणते नस बराबर आहे, फोटो बराबर आहे." डॉक्टरनं वेळा लिहायला सांगितल्या म्हणून तिनं वही केली होती. माझा कागद आला आणि तिनं वही शेजारी ठेवली. "तीस तारखेले सकाळी हात चांगला होता, ताई. आम्ही खुश झालो. दुपारी तीन वीसले गेला. तुमच्या कागदावर तेच आहे. काय चालू आहे तिकडं?"

"मी बघते," म्हणाले.

सोल्डरिंग करणारा माणूस तू. तो हात गेला तर तुझं काय राहतं? आणि तरीही तू मला भाजक कसा बदलायचा ते एका बोटानं टाइप करून सांगत होतास.

मी लगेच काय केलं ते ऐक. नऊ तारखेला डाव्या काठाचा धोटा पर्समध्ये घातला आणि शाळेत नेला. आत भरलेली कांडी होती. पर्स प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली, किल्ली कमरेला. अकरा पाचला मोबाइलवर टक सुरू झाला. सात आकडे, डावीकडून. संध्याकाळी कपाट उघडलं. धोटा होता तसाच होता आणि कांडी रिकामी होती, दोऱ्याचा एक वेढाही नव्हता तिच्यावर. घरी आले तर काठ बोटभर पुढे सरकलेला.

दहाला मी बाबांना विणूच दिलं नाही. दवाखान्यात तपासणी आहे म्हणून खोटं सांगून बाहेर बसवून ठेवलं. त्यांनी दिवसभर घास घेतला नाही. पाणीही नाही. संध्याकाळी हात-पाय इतके गार पडले की मीच त्यांना धरून परत खड्ड्यात बसवलं. म्हणजे माग थांबवला तर बाबा जातात आणि चालवला तर तुझा हात जातो. दोघांपैकी एकाला मी निवडायचं, असं झालं आहे.

आता खालचं.

तू लग्न करून मायाला घेऊन आलास, बाबांनी तिला मागघरात पाय ठेवू दिला नाही, तू गेलास. फेब्रुवारी २०१९. एवढं तुला माहीत आहे. मे महिन्यात बाबांनी मला बोलावलं. दोघांच्या हातांनी लावलेलं कापड त्याच दोघांच्या हातांनी उतरवायचं, तोवर ताणा, ते उभे धागे, तोडायचा नाही, ही आपली रीत. म्हणाले, "ऋषीले सांग, दोघंही या म्हणा. कापड पुरं करू, उतरवू, अन् सूनबाईले नेसवू. मी चुकलो म्हणून सांग."

मी तो निरोप तुला दिला नाही.

त्याच दिवशी सकाळी मी बाबांना विचारलं होतं, ऋषी गेला तर डावीकडे मी बसू का. लहानपणापासून कांड्या भरल्या, तुझा एकेक दात पाठ झाला होता, मला ते तुझ्यापेक्षा बरं आलं असतं. तुला ती जागा कधी आवडलीच नाही, तू तिथे बसून रेझिस्टरचे रंग घोकायचास. बाबा म्हणाले, "ती जागा त्याची आहे." संध्याकाळी मला तुझ्यासाठी निरोप. मी हो म्हटलं. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. पंधरा दिवसांनी बाबांनी विचारलं, काय म्हणाला. मी म्हटलं, काही बोलला नाही.

ते खोटं नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावलं. तू खरंच काही बोलला नव्हतास.

रविवारी बाबांना सांगणार आहे. सांगून झाल्याशिवाय तुला दुसरं पत्र टाकणार नाही.

भारती


२२ डिसेंबर

ऋषी,

चौदाला सांगितलं. सकाळी, ते खड्ड्यात उतरल्यावर, हाक द्यायच्या आधी. मी उंबऱ्यातच उभी होते. जवळ जायची छाती झाली नाही.

"बाबा, तुम्ही मे महिन्यात ऋषीले निरोप देल्ला होता."

"हो. नाही आला तो."

"मी सांगतलाच नाही त्याले."

"काहून?"

"तुम्ही मले डावीकडं बसू नाही देल्लं म्हणून."

त्यांनी फणीवरचा हात काढला नाही. रेघ मी नंतर पाहिली, चार मिनिटं अकरा सेकंद अगदी सपाट आहे. एकही गठ्ठा हरवलेला नाही, म्हणजे त्यांनी एवढ्या वेळात बोटसुद्धा हलवलं नाही. मग म्हणाले, "म्हणजे त्याले माहीतच नोहतं."

"नाही."

"अन् मी त्याचा हात ओढून राह्यलो."

त्यांना सगळं कळत होतं, ऋषी. पहिल्या दिवसापासून. "बोलावलं तर नाही आला, मंग म्हटलं हात तरी दे. एवढं कापड होऊ दे, मंग मरतो," असं म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं आता काहीतरी फेकून मारतील. मला ते चाललं असतं.

"सुटला तो," बाबा म्हणाले. "ये. बस डावीकडं."

मी बसले. लाकूड गार असेल असं वाटलं होतं, पण कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी जागा कोमट होती. बाबांनी मला काही शिकवलं नाही. मधला टाकला, उजवा टाकला आणि थांबले. मी टाकला. चुकला. परत टाकला. एक वाजेपर्यंत माझे अकरा दात झाले, सगळे वेडेवाकडे, आणि मला इतका आनंद झाला होता की लाज वाटावी. तुझा हात जात होता, बाबा माझ्याशी बोलत नव्हते आणि मी मनात दात मोजत होते. हे तुला कळलं पाहिजे म्हणून लिहिते.

त्या दिवसापासून तुझा हात थंड पडलेला नाही. मायाचा मेसेज आला, "ताई, काल ऋषीनं आपल्या हातानं वरणभात खाल्ला." मी तो शाळेत वाचला आणि बराच वेळ हात धूत उभी राहिले.

आता पुढचं, मायाला दाखवू नकोस.

पंधराला सोमवार. मी शाळेत आठवीच्या मुलांसमोर परीक्षानळी धरून उभी होते. डाव्या हातात. अकरा पाचला कोपरापासून खाली हात गेला. दुखत नाही, फक्त माझा राहत नाही. नळी पडली, फुटली. मुलं घाबरली, मी स्टुलावर बसले. बोटांत दोरा सरकत होता, तो स्पष्ट लागत होता. मोबाइल काढून रेघ पाहिली. थांबणं, त्यात टक, डावी चकती आधी, सात आकडे. पण तुझा ताल नव्हता. प्रत्येक टक जरा उशिरा, जरा जड, नवशिक्याचा. घरी येऊन काठ पाहिला. माझेच दात होते, आदल्या दिवसापेक्षा बरे.

बाबा मला हाक देतात, ऋषी. मी घरी नसताना. शोभाताई परत आल्यात, त्यांनी भिंतीतून ऐकलं. "भारती, हात दे वं." बेचाळीस वर्षांत त्यांनी मला या नावानं फक्त कांड्यांसाठी बोलावलं होतं.

लुगडं अठरालाच होत आलं. चार बोटं ताणा उरलाय, तो तुझ्याशिवाय पुरा करायचा नाही म्हणतात. तरी रोज खड्ड्यात बसतात, पाय चालतात, हाक होते, टक येतो. कापड पुढे सरकत नाही. माझा हात रोज दोन तास जातो आणि परत येताना थोडा कमी येतो. मायानं तुझं जे सांगितलं होतं, तेच. सकाळी वेणी घालताना कळतं. तुम्ही येऊन ताणा तोडलात की हे थांबेल, हे बाबांना माहीत आहे, मला माहीत आहे. आणि ते थांबलं की ती जागाही गेली. नवा ताणा लावायचं त्यांचं वय नाही.

तर निरोप. बाबांनी काल दिलाय, त्यांच्याच शब्दांत: "दोघंही या म्हणा. मी चुकलो म्हणून सांग. कापड उतरवू." माझ्याबद्दल काही म्हणाले नाहीत. या वेळी मी तो दाबून ठेवलेला नाही. लिहिला आहे, खाली तारीख घातली आहे, आज स्वतः पोस्टात जाऊन टाकणार आहे.

फोन करता आला असता, मेसेजही. आजवरची पत्रं स्पीड पोस्टानं टाकली, हे साध्या टपालानं टाकते आहे. खिडकीवरचा माणूस म्हणतो, आठ-दहा दिवस लागतील. चालेल म्हटलं मी.

भारती